वकिलाची सनद आणि अशिलाची अमानत

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगत आली. पण ती चढावी लागतेच. कुणाची वडिलोपार्जित जमीन अडकलेली असते, कुणाच्या मुलीच्या पोटगीचा प्रश्न असतो, कुणाचा मुलगा रात्री चौकशीला म्हणून नेलेला असतो आणि सकाळ झाली तरी परतलेला नसतो. अशा वेळी माणूस आपल्या घरातले कागद, उसनवारीचे पैसे आणि सख्ख्या भावालाही न सांगितलेल्या गोष्टी एका परक्या माणसाच्या स्वाधीन करतो. त्या माणसाजवळ एक सनद असते, तिच्यावर हा सगळा विश्वास टाकलेला असतो. ही सनद देतो कोण, काढून घेतो कोण आणि कोणत्या कारणासाठी, याचा इतिहास आपल्या वाचनात फारसा येत नाही. वकिलांचे चरित्र लिहिले जाते, गाजलेले खटले लिहिले जातात. परंतु सनद गेलेल्या वकिलांचा इतिहास कुणी सहसा सांगत नाही. वास्तविक पाहता राज्य आणि माणूस यांच्यातले नाते त्या इतिहासात जितके उघडे दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल.

सुरुवात शब्दांपासून करू. वकील, अशील, दावा, जामीन, मुदत, नक्कल, दस्तऐवज, सनद हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथलेच होऊन गेले. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवते. आमच्या मुलांना 'मुवक्किल' हा शब्द कळतो, 'अशील' कळत नाही. मराठी शाळेतल्या मुलांचे नेमके उलटे. पण अशील हाही मूळचा 'असील'च, म्हणजे खरा, मूळ माणूस. वकील हा त्याच्या जागी उभा राहणारा. या एका शब्दातच सारा व्यवहार आला. फौजदारी कोर्टात काळा कोट घालून जो बोलतो तो मूळ माणूस नव्हे, मूळ माणूस मागे बाकावर अंग चोरून बसलेला असतो.

इस्लामी फिक्हमध्ये 'वकालत' हे स्वतंत्र प्रकरण आहे. बाराव्या शतकात बुर्हानुद्दीन मर्गीनानी यांनी लिहिलेल्या 'हिदाया'मध्ये त्याची सविस्तर चर्चा आहे. मुवक्किलाचा जो माल वकिलाच्या हाती असतो तो अमानत होय, हा त्यातला पायाचा नियम. वकिलाने हद्द ओलांडली किंवा निष्काळजीपणा केला तर भरपाई त्याच्यावर. एक मौजेचा मतभेदही त्यात नोंदलेला आहे. इमाम अबू हनीफा यांचे मत असे की, एखादा माणूस आजारी किंवा प्रवासात नसेल, तर विरुद्ध पक्षाच्या संमतीशिवाय त्याने आपल्या वतीने वकील उभा करणे बंधनकारक ठरत नाही. त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांना हे मान्य नव्हते. कारण उघड आहे. काही माणसे भांडण्यात तरबेज असतात, त्यांच्यापुढे साधा माणूस टिकत नाही, ही काळजी गुरूला होती. साध्या माणसालाही तरबेज माणूस मिळावा, ही शिष्यांना. वकिली व्यवसायावरचे आजचे सगळे वाद थोड्याफार फरकाने याच दोन टोकांमध्ये फिरतात.

पेशवाईत वकील हा शब्द कोर्टापेक्षा दरबाराशी अधिक जोडलेला होता. दिल्लीत पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे घराणे होते. ते राजदूत होते, खटले चालवणारे नव्हते. ज्या अर्थाने आपण आज वकील म्हणतो तो अर्थ कंपनी सरकारने पक्का केला. १७९३ मध्ये कॉर्नवॉलिसच्या काळात बंगालमध्ये रेग्युलेशन ७ आले आणि वकिलांना सदर दिवाणी अदालतीकडून सनद घेणे भाग पडले. कलकत्त्याचा मदरसा आणि बनारसचे हिंदू कॉलेज इथल्या विद्यार्थ्यांमधून वकील घ्यावेत, असे त्यात होते. सनद फक्त हिंदू आणि मुसलमान यांनाच मिळे. फी ठरलेली, वर्तनाचे नियम ठरलेले, आणि नियम मोडल्यास काढून टाकण्याची सोय ठरलेली. १८३७ मध्ये फारसी कोर्टातून गेली आणि मदरशात शिकलेल्या वकिलांची एक अख्खी पिढी मागे पडली. १८४६ च्या कायद्याने हा व्यवसाय धर्म-वंशाचा विचार न करता पात्र माणसांना खुला झाला. पुढे हायकोर्टे आली, १८७९ चा लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्ट आला, आणि वकिलावर कारवाई करण्याचा अधिकार हायकोर्टाच्या हाती एकवटला.

म्हणजे वकिलाच्या मानेवर दोन जबाबदाऱ्या आल्या. अमानत अशिलाची आणि सनद सरकारची. दोन्ही एकाच दिशेने ओढत असतात तोवर प्रश्न येत नाही.

इंग्रजांनी हा कायदा आपल्या देशातून आणला होता. १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यात असे कलम आहे की, जो वकील कोर्टाला किंवा पक्षकाराला फसवील त्याला एक वर्ष एक दिवस कैद, आणि पुन्हा कधी कोर्टात बोलू द्यायचे नाही. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे कलमाच्या केंद्रस्थानी फसवणूक आहे. १७७८ मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यापुढे ब्राऊन्सॉल नावाच्या एका ॲटर्नीचे प्रकरण आले. त्याने एक गिनी चोरली होती, त्याबद्दल त्याच्या हातावर डाग देण्यात आला होता, आणि शिक्षा होऊन बरीच वर्षे उलटली होती. एका गुन्ह्याला दोन शिक्षा कशा, असा त्याच्या बाजूने युक्तिवाद झाला. मॅन्सफिल्ड यांचे म्हणणे पडले की, ही शिक्षाच नव्हे. लोकांनी ज्याच्यावर विश्वास टाकायचा तो माणूस त्या यादीत राहण्यास लायक आहे की नाही एवढाच प्रश्न आहे. हा निकाल आपल्या देशातल्या कोर्टांनीही पुढे अनेकदा आधाराला घेतला. तत्त्व म्हणून त्यात काही वावगे नाही. पण 'लायक' या शब्दाचा अर्थ राज्यकर्त्याने लावायचा म्हटल्यावर काय होते ते मुंबई इलाख्याने पाहिले.

मुंबईच्या वकिली व्यवसायात आपल्या लोकांचा वाटा मोठा होता, हे इथे सांगायला हवे. कमरुद्दीन तय्यबजी हे पहिले हिंदी सॉलिसिटर. त्यांचे धाकटे भाऊ बद्रुद्दीन १८६७ मध्ये मुंबई हायकोर्टात पहिले हिंदी बॅरिस्टर म्हणून उभे राहिले आणि १८९५ मध्ये त्याच कोर्टाचे न्यायाधीश झाले. १८९६ च्या काँग्रेसचे अध्यक्ष रहिमतुल्ला सयानी हे मुंबईचे नामवंत सॉलिसिटर. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला तेव्हा आधी नाकारला गेलेला जामीन न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी ४ ऑगस्ट रोजी मंजूर केला. त्या वेळी टिळकांसाठी दिनशा दावर यांनी काम पाहिले होते. तेच दावर ११ वर्षांनी न्यायाधीशाच्या खुर्चीवर होते आणि १९०८ मध्ये त्यांनी टिळकांना जामीन नाकारला. तो मागणारे वकील होते महंमद अली जीना. १९१६ मध्ये टिळकांवर पुन्हा प्रकरण झाले, तेव्हाही जीनाच उभे राहिले आणि हायकोर्टात जिंकले. टिळकांचे आणि जीनांचे राजकारण सर्वस्वी जुळत होते असे नाही. या सगळ्यांत कुणाच्या सनदेला धक्का लागला नाही. राजद्रोह्याची बाजू मांडणे इंग्रजी राज्यात चालत होते. स्वतः कायद्याच्या विरोधात उभे राहणे मात्र चालणार नव्हते, आणि ते १९१९ मध्ये दिसून आले.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये रौलट कायदा झाला. त्याआधीच, २४ फेब्रुवारीला, साबरमतीच्या आश्रमात सत्याग्रहाची प्रतिज्ञा तयार झाली होती. रौलट कायदे आणि पुढे एक समिती ठरवील ते इतर कायदे सविनय मोडायचे, खरेपणा आणि अहिंसा सोडायची नाही, असा तिचा आशय. सही करणाऱ्यांत वल्लभभाई पटेल, अनसूया साराभाई, सरोजिनी नायडू, हॉर्निमन आणि मुंबईचे गिरणीमालक उमर सोबानी होते. अहमदाबादच्या अनेक वकिलांनीही सह्या केल्या. एप्रिलमध्ये गांधीजींना अटक झाली, अहमदाबादेत दंगल उसळली, जाळपोळ झाली, काही काळ लष्करी अंमल आला. गांधीजींनी १८ एप्रिलला सत्याग्रह स्थगित केला.

त्यानंतर चारच दिवसांनी, २२ एप्रिल १९१९ रोजी, अहमदाबादचे जिल्हा न्यायाधीश केनेडी यांनी मुंबई हायकोर्टाच्या रजिस्ट्रारला पत्र लिहिले. आपल्या कोर्टात काम करणाऱ्या काही वकिलांनी कायदा मोडण्याची शपथ घेतली आहे, तेव्हा त्यांच्या सनदा राहाव्यात काय, असा त्याचा मतलब. हायकोर्टाने संबंधित बॅरिस्टर व वकिलांना कारणे दाखवा नोटिसा काढल्या. हे प्रकरण कायद्याच्या पुस्तकांत जीवनलाल वरजराय देसाई यांच्या नावाने ओळखले जाते. दक्षिण आफ्रिकेतून परतल्यावर गांधीजींनी १९१५ मध्ये अहमदाबादजवळ कोचरब येथे पहिला आश्रम ज्या बंगल्यात काढला, तो भाड्याने देणारे बॅरिस्टर जीवनलाल देसाई हेच.

आता या वकिलांचा अपराध काय होता ते पाहा. कुणा अशिलाचे पैसे खाल्ले नव्हते. कुणी खोटा साक्षीदार उभा केला नव्हता, विरुद्ध पक्षाशी संधान बांधले नव्हते, तारखेला गैरहजर राहून कुणाचा दावा बुडवला नव्हता. एकाही पक्षकाराची त्यांच्याविरुद्ध तक्रार नव्हती. तक्रारदार होता खुद्द न्यायाधीश. ज्या कोर्टात त्यांनी रोज उभे राहायचे, त्याच कोर्टाच्या प्रमुखाने त्यांच्या पोटावर बोट ठेवले होते. उमर सोबानींसारख्या गिरणीमालकाने सही केली तर सरकार त्याची गिरणी काढून घेऊ शकत नव्हते. वकिलाची रोटी मात्र एका कागदाने बंद होत होती.

ऑक्टोबर १९१९ मध्ये हायकोर्टाने निर्णय दिला. जो कायद्यावर पोट भरतो त्याने कायदा पाळला पाहिजे, आणि पुढे कोणते कायदे मोडायचे हे एका बाहेरच्या समितीवर सोपवणारी शपथ वकिलाच्या कर्तव्याशी विसंगत आहे, असा कोर्टाचा रोख होता. सनदा मात्र काढून घेतल्या नाहीत; ताकीद दिली आणि प्रकरण तसेच टांगते ठेवले. गांधीजींना हे अर्धवटपण आवडले नाही. मलाही, आज वाचताना, हा निर्णय चलाख वाटतो. सनदा घेतल्या असत्या तर अहमदाबादेत हुतात्मे तयार झाले असते. सोडून दिले असते तर इलाख्यातल्या प्रत्येक गावच्या वकिलाने सही केली असती. टांगत्या तलवारीने दोन्ही टळले. दुसऱ्या बाजूने हेही कबूल करावे लागेल की कोर्टाने उपस्थित केलेली शंका अगदीच पोकळ नव्हती. समिती उद्या कोणता कायदा मोडायला सांगेल हे सही करणाऱ्याला माहीत नव्हते. पण शंकेचे उत्तर चर्चेने द्यायचे असते, उपजीविकेला हात घालून नव्हे.

या प्रकरणाला एक शेपूट फुटले. केनेडींच्या पत्राची प्रत गांधीजींच्या हाती आली आणि ६ ऑगस्ट १९१९ च्या 'यंग इंडिया'त त्यांनी ती टिप्पणीसह छापली. प्रकरण न्यायप्रविष्ट असताना छापल्याबद्दल गांधीजी आणि प्रकाशक महादेव देसाई यांच्यावर हायकोर्टाच्या अवमानाची कारवाई झाली. माफी मागा म्हणून सांगण्यात आले, ती गांधीजींनी नाकारली. मार्च १९२० मध्ये न्या. मार्टेन, न्या. हेवर्ड आणि न्या. काजीजी यांच्यापुढे सुनावणी होऊन १२ मार्चला दोघांना कडक समज देऊन सोडण्यात आले. तिघांपैकी एक न्यायाधीश मुसलमान होते, याची आठवण आपल्यापैकी किती जणांना आहे?

पुढच्याच वर्षी चित्र पालटले. डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसनंतर वकिलांनी आपण होऊन वकिली सोडायला सुरुवात केली. मोतीलाल नेहरू, चित्तरंजन दास, राजेंद्र प्रसाद, वल्लभभाई. त्याचप्रमाणे पाटण्याचे मौलाना मजहरुल हक, अमृतसरचे सैफुद्दीन किचलू, दिल्लीचे आसफ अली. जी सनद काढून घेण्याची धमकी होती तीच त्यांनी बाजूला ठेवली, तेव्हा धमकीतला जोर ओसरला. अर्थात ज्यांच्या घरी दुसरे उत्पन्न नव्हते अशा तालुक्याच्या वकिलांना हे परवडणारे नव्हते, आणि त्यांपैकी बरेच काही दिवसांनी निमूटपणे कोर्टात परतले. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. मी ठेवणार नाही.

बॅरिस्टरांची सनद लंडनच्या इन्समधून येई, आणि तिथली यादी निराळी. श्यामजी कृष्ण वर्मा यांचे नाव इनर टेंपलने १९०९ मध्ये आपल्या यादीतून काढले. कारण होते 'इंडियन सोशिऑलॉजिस्ट' आणि वृत्तपत्रांतले त्यांचे लेखन. त्याच वर्षी ग्रेज इनने विनायक दामोदर सावरकर यांना परीक्षा उत्तीर्ण होऊनही बॅरिस्टर म्हणून दाखल करून घेतले नाही. मार्च १९२२ मध्ये अहमदाबादेत न्या. ब्रूमफील्ड यांनी गांधीजींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा सुनावली, आणि १० नोव्हेंबर १९२२ रोजी, ते येरवड्याच्या तुरुंगात असताना, इनर टेंपलने त्यांचेही नाव काढून टाकले. ज्या माणसाला १८९३ मध्ये दादा अब्दुल्ला यांच्या पेढीने दक्षिण आफ्रिकेत बोलावून घेतले, ज्याने तिथे दादा अब्दुल्ला आणि तय्यब शेठ यांचा दावा लवादात मिटवून दोघांनाही बरबादीतून वाचवले, तो माणूस वकील म्हणून नालायक ठरला. ६६ वर्षांनी, १९८८ मध्ये, इनर टेंपलने त्यांचे नाव पुन्हा घेतले. श्यामजींचे २०१५ मध्ये. श्यामजी १९३० मध्येच जिनिव्हात वारले होते.

गांधीजींनी जिथे वकिली केली त्या दक्षिण आफ्रिकेतच या प्रश्नाला एक वेगळे उत्तर मिळाले, आणि तेही वर्णद्वेषी राजवट असताना. १९५२ मध्ये अन्यायकारक कायदे मोडण्याची मोहीम झाली. तिच्याबद्दल वीस जणांवर खटला चालला, त्यांत डॉ. यूसुफ दादू, यूसुफ काछलिया, अहमद कथराडा होते आणि नेल्सन मंडेला होते. मंडेलांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली, ती स्थगित ठेवली गेली. मंडेला त्या वेळी जोहान्सबर्गमध्ये ऑलिव्हर टॅम्बो यांच्याबरोबर ॲटर्नी म्हणून काम करत. ट्रान्सवालच्या लॉ सोसायटीने अर्ज केला की, शिक्षा झालेल्या या माणसाचे नाव यादीतून काढावे. वॉल्टर पोलाक या नामांकित गोऱ्या वकिलाने फी न घेता मंडेलांची बाजू मांडली. १९५४ मध्ये न्या. रॅम्सबॉटम यांनी अर्ज फेटाळला. मंडेलांनी कायदा मोडला हे खरे. पण आपल्या लोकांसाठी राजकीय हेतूने ते केले, त्यात अप्रामाणिकपणा किंवा बेअब्रू करणारे काही नाही, आणि त्यावरून माणूस वकिलीला नालायक ठरत नाही, असा निर्णय. खर्चही लॉ सोसायटीवर बसवला.

मुंबई हायकोर्टाला १९१९ मध्ये जो फरक करता आला नाही तो हा होता. कायदा मोडणे वेगळे आणि बेइमानी वेगळी. तथापि दक्षिण आफ्रिकेतही हे उत्तर कायम टिकले नाही. रिव्होनिया खटल्यात मंडेलांचा बचाव करणारे ब्रॅम फिशर जामिनावर असताना भूमिगत झाले, तेव्हा १९६५ मध्ये कोर्टाने त्यांचे नाव काढले. २००३ मध्ये ते परत घेण्यात आले, त्यांच्या मृत्यूनंतर २८ वर्षांनी.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे सनदेचा मालक बदलला. १९२६ च्या कायद्याने बार कौन्सिल आल्या होत्या, पण शेवटचा शब्द हायकोर्टाचा असे. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने तो अधिकार वकिलांनीच निवडलेल्या बार कौन्सिलला दिला. कलम ३५ प्रमाणे तीन सदस्यांची शिस्तपालन समिती चौकशी करते. ती तक्रार फेटाळू शकते, ताकीद देऊ शकते, ठरावीक मुदतीसाठी सनद निलंबित करू शकते, किंवा नाव कायमचे काढू शकते. त्यावर बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि पुढे सुप्रीम कोर्टात अपील. जी सनद न्यायाधीशाच्या पत्राने धोक्यात येत होती ती आता आपल्याच व्यवसायबंधूंच्या हातात आली. ही सुधारणा होती यात शंका नाही. पण मग दुसरा प्रश्न उभा राहतो: वकील वकिलाविरुद्ध निकाल देईल काय?

मुंबईतच याची परीक्षा झाली. फौजदारी कोर्टांच्या दारात काही वकील उभे राहत, पक्षकार दिसला की त्याच्यावर झडप घालत, एकमेकांशी ओढाताण करत, फी पाडून काम मिळवत. आपल्यापैकी ज्यांना एखाद्या नातलगाच्या जामिनासाठी अशा दारात उभे राहावे लागले आहे त्यांना हे चित्र नवे नाही. महाराष्ट्राच्या बार कौन्सिलने त्यांना दोषी धरून सनदा तीन वर्षांसाठी निलंबित केल्या. अपिलात बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या समितीने नियमाचा कीस काढत त्यांना सोडले. तेव्हा राज्याची बार कौन्सिल स्वतः सुप्रीम कोर्टात गेली. तिला अपील करण्याचा हक्क तरी आहे का, यावरच आधी सात न्यायाधीश बसले आणि १९७५ मध्ये आहे असे ठरले. मग मूळ मुद्द्यावर न्या. कृष्ण अय्यर यांनी अशा झोंबाझोंबीला व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. मधे इतकी वर्षे गेली होती की शिक्षा सौम्य ठेवावी लागली.

त्याआधी १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टात एका ज्येष्ठ वकिलाचे प्रकरण आले होते. निकालात त्यांचे नाव नाही, फक्त 'मिस्टर जी' असे आहे. दावा जिंकल्यास वसुलीतला निम्मा वाटा वकिलाचा, असा त्यांनी अशिलाशी करार केला होता. मुंबई हायकोर्टाने सहा महिने सनद निलंबित केली, सुप्रीम कोर्टानेही तेच केले. दुसऱ्या कुणी असा करार केला असता तर तो बेकायदा नव्हता. वकिलाने केला म्हणून गैरवर्तन. कारण अर्धा वाटा ठरला की तो वकील राहत नाही, भागीदार होतो. १९९७ मध्ये दिल्लीच्या एका वकिलाने अशिलाची वादातली मालमत्ता स्वतःच विकत घेतल्याचे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. सनद एक वर्ष निलंबित झाली.

न्यायाधीशांनी हा अधिकार परत घेण्याचा प्रयत्नही एकदा केला. १९९५ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या अध्यक्षांनाच सुप्रीम कोर्टाने अवमानाबद्दल दोषी धरले आणि त्यांची सनद तीन वर्षांसाठी निलंबित केली. १९९८ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हे चूक ठरवले. अवमानाची शिक्षा कोर्टाने द्यावी. सनदेचा प्रश्न कायद्याने बार कौन्सिलकडे दिलेला आहे, तो तिथेच सुटावा. केनेडींच्या पत्रानंतर जवळजवळ ८० वर्षांनी हे इतके स्पष्ट झाले.

राज्यकर्त्याची जागा आज कधी कधी गर्दी घेते. मोठा गुन्हा घडला की गावची बार असोसिएशन ठराव करते: या आरोपीचे वकीलपत्र कुणी घेऊ नये. आपल्या समाजाने असे ठराव आणि त्यांचे परिणाम बरेच पाहिले आहेत. मुंबईत अशा आरोपींची कामे चालवणाऱ्या ॲड. शाहिद आझमी यांची ११ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांच्याच कार्यालयात गोळ्या झाडून हत्या झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने ए. एस. मोहम्मद रफी यांच्या खटल्यात सांगितले की, असे ठराव घटनेच्या आणि वकिली व्यवसायाच्या नीतीच्या विरुद्ध असून ते रद्दबातल आहेत. गमतीची गोष्ट म्हणजे त्या खटल्यात कोइमतूरच्या बार असोसिएशनने ज्यांची कामे घ्यायची नाहीत असा ठराव केला होता, ते पोलीस होते. नियम सर्वांना सारखाच लागू पडला. टॉमस एर्स्किन यांनी १७९२ मध्ये इंग्लंडात टॉमस पेनची बाजू मांडली तेव्हा प्रिन्स ऑफ वेल्सने त्यांना आपल्या पदावरून काढले होते, याचा दाखलाही निकालात आहे.

आता राहिला तो बाकावर अंग चोरून बसलेला अशील. त्याच्या उपयोगाची एक गोष्ट सांगते. आपल्या वस्त्यांमध्ये सर्रास ऐकू येणारी तक्रार अशी की, वकील बदलायचा आहे, पण पहिला वकील कागद देत नाही. उरलेली फी आणा म्हणतो. भोपाळच्या एका सहकारी बँकेच्या वकिलाने ९७,१०० रुपये फी येणे आहे म्हणून खटल्यांच्या फाइली अडवून ठेवल्या होत्या. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले आणि २००० मध्ये निकाल लागला: फीसाठी वकिलाने निराळा दावा लावावा; अशिलाचे कागद अडवून ठेवण्याचा त्याला हक्क नाही, अडवले तर ते गैरवर्तन होय. बार कौन्सिल ऑफ इंडियाने दिलेली १८ महिन्यांची बंदी कोर्टाने ताकिदीवर आणली, कारण तोवर हा मुद्दा स्पष्ट झालेला नव्हता. आता तो आहे.

अशी तक्रार आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे लेखी करता येते. समितीने एक वर्षात निकाल द्यायचा असतो, नाही दिला तर प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. तक्रार करणाऱ्याला मधेच फोडले, दबाव आणला, त्याने तक्रार मागे घेतली, तरी नियमाप्रमाणे चौकशी आपोआप बंद होत नाही. पुरावा मात्र भक्कम लागतो, कारण समोरच्या माणसाची उपजीविका पणाला लागलेली असते. म्हणून फी दिली की पावती घ्यावी, वकीलपत्रावर सही करताना ते वाचून घ्यावे, वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावे, आणि मूळ कागद हाती देण्याआधी त्यांच्या नकला काढून ठेवाव्यात.